पान न उलटता

१९९३ सालच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी वेबवर जगाचा एक नकाशा ठेवला. साध्या रेषांचा, किनारे आणि सरहद्दी दाखवणारा. त्यातला हवा तो भाग निवडला की तो मोठा होऊन समोर येई. वेबवर तेव्हा बहुतेक नुसता मजकूर असे, त्यामुळे हे काम विलक्षणच होतं. पण तो भाग मोठा कसा होई हे पाहिलं, की त्या काळच्या वेबची मर्यादाही कळते. वाचकाने जागा दाखवली की निरोप सर्व्हरकडे जाई. सर्व्हर नव्या भागाचं चित्र काढी, त्याभोवती नवं पान रची आणि ते अख्खं पान परत पाठवी. ब्राउझर आधीचं पान काढून हे नवं मांडी. नकाशा इंचभर सरकवायचा असला तरी सगळं पान नव्याने यावं लागे.

८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगलने आपला नकाशा लोकांसाठी खुला केला. त्यात माउसचं बटण दाबून नकाशा धरायचा आणि हवा तिकडे ओढायचा. पान जागच्या जागी राही आणि नकाशा हातासरशी सरके.

या दोन नकाशांमधल्या बारा वर्षांत जे घडलं, त्याची आखणी कोणत्याही समितीने आधी करून ठेवली नव्हती. घाईत लिहिलेली एक भाषा, दोन कंपन्यांचं हाडवैर, ईमेलच्या एका प्रकल्पाची नड, अशा सुट्या सुट्या निमित्तांनी वेबचं पान माउसच्या हालचालीला उत्तर द्यायला शिकलं. आणि ज्या क्रमाने शिकलं त्याच्या खुणा आजही आपल्या पडद्यावर आहेत.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत वेब उभारलं ते शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांशी जोडण्यासाठी. पान म्हणजे एक दस्तऐवज आणि लिंक म्हणजे दुसऱ्या दस्तऐवजाकडे नेणारी वाट. ब्राउझरने मागायचं, सर्व्हरने द्यायचं, दिलं की संबंध संपला. या साधेपणाचा फायदा मोठा होता. ज्या यंत्राला फक्त अक्षरं दाखवता येत, त्यावरही वेब वाचता येई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा शेल खातं घेणाऱ्यांच्या वाट्याला असंच अक्षरांचं वेब आलं. कीबोर्डवरचे बाण दाबत एका लिंकवरून दुसरीवर जायचं. माउसचा त्यात काही संबंधच नव्हता.

पण ज्यांच्या टेबलावर खिडक्या-चिन्हांचा संगणक होता त्यांना वेगळी सवय लागली होती. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं, १९८४ मध्ये मॅकिंटॉशने आणि पुढे विंडोजने तो सर्वसामान्यांपर्यंत नेला. तिथे बटण दाबलं की ते दबलेलं दिसे, मेनू उलगडे, फाइल उचलून फोल्डरमध्ये टाकता येई. त्याच संगणकावर ब्राउझर उघडला की हे सगळं बंद. लिंक सोडून पानावर कुठेही क्लिक करा, काही होत नसे. आणि लिंकवर क्लिक केलं की वाट पाहणं आलं. २८.८ च्या मोडेमवरून सेकंदाला फार तर साडेतीन किलोबाइट येत, म्हणजे ५० किलोबाइटचं पान उतरायला चौदाएक सेकंद. फॉर्ममधला एखादा रकाना भरायचा राहिला, तर तेवढं सांगायलाही सर्व्हर अख्खं पान परत धाडी.

ही अडचण नेटस्केप कंपनीला सर्वांत आधी बोचली, कारण तिचं सारं भवितव्य ब्राउझरवर उभं होतं. पानातच चालणारी, हौशी माणसालाही जमेल अशी छोटी भाषा तिला हवी होती. ब्रेंडन आइक एप्रिल १९९५ मध्ये तिथे रुजू झाले आणि मे महिन्यात दहा दिवसांत त्यांनी त्या भाषेचा पहिला चालता नमुना लिहिला. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीची मुदत डोक्यावर होती, मायक्रोसॉफ्ट पाठीवर होती. भाषेचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि शेवटी ४ डिसेंबर १९९५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सच्या साथीने जाहीर झालं ते जावास्क्रिप्ट. दहा दिवसांची गोष्ट फार सांगितली जाते. या लेखाच्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाचा आहे तो आइक यांनी घटनांबद्दल घेतलेला निर्णय. पानावरच्या एखाद्या घटकावर काही घडलं, क्लिक झालं किंवा माउसचा बाण आला, की त्या घटकाला नेमून दिलेला कोड चालवायचा. अॅपलच्या हायपरकार्ड या प्रोग्राममध्ये १९८७ पासून अशी सोय होती आणि तिथूनच आपल्याला ही कल्पना सुचल्याचं आइक यांनी सांगितलं आहे.

मात्र कोड चालला तरी त्याला बदलता येण्याजोगं फारसं काही नव्हतं. पडद्यावर एकदा मांडलेलं पान गोठलेलं असे. फॉर्मच्या रकान्यांतली अक्षरं बदलता येत आणि खिडकीच्या तळाशी असलेल्या स्टेटसच्या पट्टीतला मजकूर बदलता येई, एवढंच. म्हणून माउसला मिळालेलं वेबचं पहिलं उत्तर पानावर दिसलंच नाही, ते त्या तळाच्या पट्टीत दिसलं. लिंकच्या टॅगमध्ये 'ऑनमाउसओव्हर' असं लिहून पुढे पट्टीत दाखवायचं वाक्य द्यायचं आणि शेवटी 'रिटर्न ट्रू' लिहायचं. हे शेवटचे दोन शब्द विसरले तर ब्राउझर आपला नेहमीचा पत्ता त्या वाक्यावर चढवी. दोन-तीन वर्षं वेबवरच्या असंख्य पानांच्या तळाशी या वाक्यांची धावपळ चालू होती.

खरी फट उघडली ती ऑगस्ट १९९६ मध्ये, नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत. पानावरची चित्रं तिने जावास्क्रिप्टच्या ताब्यात दिली. चित्र कोणत्या फाइलमधून घ्यायचं ते आता पान मांडून झाल्यावरही बदलता येऊ लागलं. त्यातून जन्मला रोलओव्हर. बटणाची दोन चित्रं तयार करायची, एक साधं आणि एक उजळलेलं. बाण आला की पहिल्याच्या जागी दुसरं, बाण गेला की पुन्हा पहिलं. यात दोन पथ्यं पाळावी लागत. दोन्ही चित्रं नेमक्या एकाच मापाची हवीत, कारण पान पुन्हा मांडलं जात नसल्यामुळे चित्राची चौकट आधीच ठरलेली असे आणि नवं चित्र तिच्यात ताणून किंवा दाबून बसवलं जाई. आणि दुसरं चित्र पान उघडतानाच गुपचूप मागवून ठेवायला हवं, नाहीतर बाण ठेवल्यावर ते मोडेमवरून निघणार आणि येईपर्यंत बाण निघून गेलेला असणार.

या छोट्या युक्तीतून एक चांगली सवयही लागली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररची तिसरी आवृत्ती त्याच महिन्यात आली, पण विंडोजवर तिला चित्रं बदलता येत नव्हती, कोड अडखळून चूक झाल्याचा संदेश येई. तेव्हा जाणते लोक चित्रांना हात लावण्याआधी ब्राउझरलाच विचारू लागले की तुझ्याकडे चित्रांची यादी आहे का. ब्राउझरचं नाव न विचारता त्याला काय जमतं ते विचारायचं. मला ही सवय रोलओव्हरइतकीच मोलाची वाटते, कारण पुढची दहा वर्षं ज्यांनी ती पाळली त्यांची पानं टिकली आणि ज्यांनी नावं पाहून कोड लिहिला त्यांची पानं प्रत्येक नव्या आवृत्तीला मोडत गेली.

१९९७ साल उजाडलं ते उघड्या लढाईचं. जूनमध्ये नेटस्केपची चौथी आवृत्ती आली आणि सप्टेंबरअखेर एक्स्प्लोररची चौथी. तिच्या समारंभानंतर मायक्रोसॉफ्टच्या काही मंडळींनी रातोरात माउंटन व्ह्यू गावातल्या नेटस्केपच्या कचेरीसमोरच्या हिरवळीवर आपल्या ब्राउझरचं भलंमोठं 'ई' नेऊन ठेवलं. नेटस्केपच्या लोकांनी ते आडवं पाडलं, त्यावर मोझिला नावाचा आपला डायनोसॉर उभा केला आणि त्याच्या गळ्यात पाटी अडकवली: नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. त्या वेळचे बाजारातले वाटे होते ते.

आकडे नेटस्केपच्या बाजूचे होते, पण चांगलं यंत्र मायक्रोसॉफ्टने बनवलं होतं. नेटस्केपने 'लेयर' नावाचे थर दिले. हे थर माउसच्या इशाऱ्यावर हलवता, लपवता, दाखवता येत, पण मूळ पानातला एक शब्दही बदलता येत नसे. एक्स्प्लोररने पानातला प्रत्येक घटक, अगदी एखादा परिच्छेदसुद्धा, कोडच्या हाती दिला. त्याचा मजकूर बदला, त्यात नवे टॅग घाला, आणि बाकीचं पान आपसूक वर-खाली सरकून जागा करून देई. शिवाय बाण कोणत्याही घटकावर आला तरी ते कळे. नेटस्केपमध्ये त्यासाठी मुख्यतः लिंकचाच आधार घ्यावा लागे. आजच्या पानांचं वागणं पाहिलं तर ती नेटस्केपच्या थरांची वारस नाहीत, एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीची आहेत.

सर्वांत चमत्कारिक भांडण घटना कुणी आधी ऐकायची यावरून झालं. पानावर एका चौकटीत दुसरी, तिच्यात बटण अशी रचना असते. बटणावर क्लिक झालं तर ते बाहेरच्या चौकटींवरही झालेलंच असतं. मग पहिला मान कुणाचा? मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत गावातली तक्रार तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जावी तशी घटना आतून बाहेर जाई. नेटस्केपच्या पद्धतीत जिल्ह्याचा हुकूम आधी आणि गाव शेवटी. दोन्हींत तथ्य होतं, पण पानं लिहिणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा, दोन उलट दिशांनी लिहावी लागे.

प्रमाण ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर १९९८ मध्ये पानाच्या रचनेचं पहिलं प्रमाण काढलं आणि नोव्हेंबर २००० मध्ये घटनांचं. त्यात तिने दोघांचंही राखलं. घटना आधी बाहेरून आत उतरेल, मग आतून बाहेर चढेल, आणि कोणत्या फेरीत ऐकायचं ते कोड लिहिणाऱ्याने सांगावं. कोडमधला तो खरे-खोटेपणाचा तिसरा पर्याय, जो आजचे विद्यार्थी पाठ करतात आणि का आहे असं विचारतात, तो त्या तडजोडीतून आला आहे. नेटस्केप तोवर अमेरिका ऑनलाइनने विकत घेतली होती. जिंकलेल्या एक्स्प्लोररने ही पद्धत स्वीकारली ती थेट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत. स्पर्धक उरला नाही की प्रगती थांबते याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी २००६ मध्ये.

पण त्याच मायक्रोसॉफ्टमधून या कहाणीतला दुसरा मोठा दुवा आला. माउसच्या इशाऱ्यावर पानाचा तुकडा बदलता येऊ लागला होता खरा, पण त्या तुकड्यात घालायचा नवा मजकूर कुठून आणायचा? तो आधीच पानात लपवून पाठवावा लागे, किंवा एखादी अदृश्य फ्रेम ठेवून तिच्यात चोरून दुसरं पान उतरवावं लागे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरवर काम करणाऱ्या गटाला ब्राउझरमध्ये चालणारं आउटलुक हवं होतं. डावीकडचं फोल्डर क्लिक केलं की उजवीकडची यादीच बदलावी, सगळं पान नव्हे. त्या गटातल्या अॅलेक्स हॉपमन यांनी पानामागून सर्व्हरशी बोलणारा एक छोटा भाग लिहिला. एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीचं काम तेव्हा संपत आलं होतं. मग एक्सएमएल वाचण्याची जी लायब्ररी ब्राउझरबरोबर जाणार होती तिच्या पोटात तो भाग घालून मार्च १९९९ मध्ये बाहेर पडला. म्हणूनच त्याच्या नावात एक्सएमएल आहे, त्याच्याशी कामाचा संबंध फारसा नाही, हे हॉपमन यांनीच नंतर लिहिलं.

पाचएक वर्षं बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. मोझिलाने तशीच सोय आपल्या ब्राउझरमध्ये केली, २००४ च्या आरंभी अॅपलच्या सफारीतही ती आली, आणि मग एकट्या एक्स्प्लोररची ही गोष्ट सगळ्यांची झाली. त्याच वर्षी १ एप्रिलला जीमेल आलं. तोवर ब्राउझरमधल्या बहुतेक ईमेलमध्ये प्रत्येक पत्राला नवं पान उघडे. जीमेलमध्ये क्लिक केलं की पत्र तिथेच उलगडलं.

आणि मग तो नकाशा. लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश भाऊ दोन साथीदारांसह सिडनीत नकाशाचा एक प्रोग्राम बनवत होते, पण तो संगणकावर उतरवून घ्यायचा, वेबवरचा नव्हे. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने त्यांची छोटी कंपनी विकत घेतली आणि तोच नकाशा ब्राउझरमध्ये आणायचं ठरलं. तेव्हा चालणाऱ्या नकाशांत कडेच्या बाणावर क्लिक करायचं, पान नव्याने यायचं, अशी पुट्झ यांच्या नकाशाहून फार वेगळी नसलेली रीत होती.

गूगलच्या नकाशात काय होतं ते जरा जवळून पाहू. नकाशा आधीच चौकोनी तुकड्यांत कापून सर्व्हरवर ठेवलेला. पडद्यावर त्यातले काही तुकडे फरश्यांसारखे लावलेले, आणि दिसणाऱ्या चौकटीबाहेर चहूबाजूंनी आणखी काही. माउसचं बटण दाबलं गेलं की कोड त्या क्षणीची जागा टिपून ठेवी. बाण हलला की नवी जागा पाही, आधीच्या जागेतून वजाबाकी करी आणि तेवढ्याच अंतराने फरश्यांचा अख्खा थर सरकवी. बटण सुटलं की थांबे. थर डावीकडे जाऊ लागला की डाव्या बाजूच्या फरश्या कामातून जात आणि उजवीकडे नव्या लागत. त्या आणायला नवं तंत्र लागलंच नाही. चित्राची फाइल बदलायची, बस. १९९६ सालच्या रोलओव्हरची युक्ती, चित्र आधीच मागवून ठेवण्याच्या पथ्यासकट, पुन्हा कामाला आली होती. बटण उजळवायला निघालेली गोष्ट आता सबंध पृथ्वी सरकवत होती.

दहाच दिवसांनी, १८ फेब्रुवारी २००५ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या जेसी जेम्स गॅरेट यांनी या साऱ्या पद्धतीला एजॅक्स असं नाव देणारा लेख प्रसिद्ध केला. लेखात नवं तंत्र एकही नव्हतं, सगळे भाग सहा-सात वर्षांचे जुने होते. पण नाव मिळाल्यावर साहेबांना मागता येऊ लागलं आणि प्रोग्रामरांना शिकता येऊ लागलं. पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी दाखवली, तिने ब्राउझरांमधली सगळी भांडणं आपल्या पोटात घेतली आणि दोन दिशांनी कोड लिहिण्याचा जाच संपवला.

या यशाची किंमतही मोठी होती. पानं बदलली तरी पत्ता तोच राहू लागला, त्यामुळे मागे जाण्याचं बटण दाबलं की माणूस भलतीकडेच जाई आणि पाहिलेली गोष्ट दुसऱ्याला पाठवायची तर लिंक वेगळी मागावी लागे. ही अडचण पुढे सुटली. दुसरी तितकी सहज सुटली नाही. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात स्थिर राहत नाही, ते कीबोर्डवर संगणक चालवतात. अक्षरांच्या वेबमध्ये ते इतरांच्या बरोबरीने होते. बाण नेल्यावरच उलगडणारे मेनू आले आणि त्यांच्यासाठी पानाची दारं बंद झाली. ५ मे १९९९ रोजीच डब्ल्यूथ्रीसीने आपल्या सूचनांत सांगितलं होतं की कोणतीही सोय फक्त माउसवर अवलंबून ठेवू नका. सूचना स्वच्छ शब्दांत होती, वाचायलाही सोपी होती, आणि तरी नव्या शतकातली पहिली दहा वर्षं ती बहुतेकांनी बाजूला ठेवली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, कारण इथे कोणतंही तंत्र अपुरं पडलं नव्हतं.

मग फोन आले. जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आला तेव्हा अॅपलपुढे एक अवघड प्रश्न होता. सारं वेब माउससाठी लिहिलेलं, आणि या यंत्राला माउसच नाही. बोट काचेवर नुसतं घुटमळू शकत नाही, ते टेकलेलं असतं किंवा नसतं. तेव्हा ब्राउझरने नक्कल करायची ठरलं. बोट टेकून उचललं की ब्राउझर पानाला ओळीने कळवतो: बाण आला, बाण हलला, बटण दबलं, बटण सुटलं, क्लिक झालं. आधी तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा थांबेही, दुसऱ्यांदा बोट टेकतंय का ते पाहायला. फेब्रुवारी २०१५ मध्ये माउस, बोट आणि लेखणी यांना एकाच पद्धतीत बसवणारं प्रमाण डब्ल्यूथ्रीसीने मंजूर केलं, पण जुन्या पानांसाठी नक्कल चालूच राहिली.

महाराष्ट्रात आज बहुतेकांचं इंटरनेट फोनवरच आहे, आणि त्यांतल्या कित्येकांनी माउस कधी हातात धरलेला नाही. आयफोनवर एखाद्या जुन्या संकेतस्थळाच्या मेनूवर बोट टेकवलं की कधी कधी पहिल्या खेपेला नुसता मेनू उलगडतो आणि पान उघडायला दुसऱ्यांदा टेकवावं लागतं. फोन मंद असल्यामुळे हे होत नाही. 'बाण आला' असं ब्राउझरने पानाला कळवलं आणि त्यावर पानात काही नवं दिसू लागलं, तर तो 'क्लिक झालं' हा शेवटचा निरोप मुद्दाम रोखून धरतो, म्हणजे माउसवाल्याला जे पाहायला मिळालं असतं ते फोनवाल्यालाही आधी पाहता यावं.